घराला मागणी

९ फेब्रुवारी

घराच्या निम्म्या मालकीणबाईंस,

घर विकतो आहे. पाटी लावणार नाही, वर्तमानपत्रात देणार नाही, दलालांच्या तोंडी घालणार नाही. जे व्हायचं ते आतल्या आत, कुणाच्या कानावर न जाता. तुझी सही लागेल, कारण घर दोघांच्या नावावर आहे, आणि ते तसं असावं हा हट्ट माझाच होता. पंपघरातल्या सगळ्या कामगारांत बायकोचं नाव घराला लावणारा मी पहिला. त्यावर मी भाषणही केलं होतं. तू घरी आल्यावर म्हणालीस, "नाव लावलंत, आता एक किल्लीही द्या."

गुपचूप का, असं तू विचारशील. पाटीचा ठराव मीच मांडला होता म्हणून. समोरची ओळ आठवते ना? एकाने दारावर 'विकणे आहे' असं लिहिलं आणि बघता बघता कंपनीने अख्खी ओळ गिळली. आता तिथे पत्र्याचं गोदाम आहे. ट्रक मागे घेताना दिवसभर शिटी वाजते म्हणे. आपल्या ओळीत भिंतीला भिंत आहे. मधलं एक घर पाडलं की दोन्हीकडची घरं उघडी पडतात, तडकतात, आणि मग तीही विकावी लागतात. कंपनीला तेच हवं आहे. म्हणून शेजारच्या टेलरमास्तरांच्या स्टुलावर उभा राहून मी म्हणालो होतो की घर विकणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे, पण पाटी लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीत पहार घालणं. सगळ्यांनी हात वर केले होते. आता मीच पाटी लावायची? त्यापेक्षा स्वतः राहायला येणारं एखादं कुटुंब शोधतो, किल्ली त्यांच्या हातात देतो आणि मग सगळ्यांना सांगतो.

विकायचं कारण विशेष काही नाही. एकट्या माणसाने एवढी जागा अडवून बसणं माझ्या विचारांत बसत नाही. घरमालकांना हे मी आयुष्यभर सुनावत आलो. आता ते स्वतःला सुनावलं, इतकंच.

सही कधी देतेस ते कळव. लेकीला सांगू नकोस. ती जावयाला सांगेल आणि जावई मला फोन करेल. तो फार भरभर बोलतो, अर्धं कळत नाही.

तुझा,
उरलेला निम्मा मालक


२४ फेब्रुवारी

मालकीणबाई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला दोन ओळींचं उत्तर. "सही देईन. पण विकून तुम्ही कुठे राहणार?"

माणूस कुठे राहतो हा प्रश्न छपराचा नाही. ज्यांना आयुष्यभर हक्काचं छप्पर मिळालं नाही तीही माणसं जगली, त्यांनी चळवळी केल्या, ग्रंथ लिहिले. माझं काय, मी कुठेही राहीन. पुस्तकं ग्रंथालयाला देईन. खाटेपुरती जागा सगळीकडे मिळते. तेव्हा त्या प्रश्नाची तू काळजी करू नकोस.

घराला मागणी मात्र चांगली आहे. पाटी नसतानाही दोन गिऱ्हाइकं आली.

पहिली एक नर्स आणि तिचा नवरा. तो रुग्णवाहिका चालवतो. तिला माझा पत्ता कुणी दिला हे ती सांगेना. "कुणीतरी बोललं, काका," इतकंच म्हणाली. ओळीत कुणी विचारलं तर भाचीच्या सासरचे आहेत असं सांगायचं, हे मी तिला आधीच बजावून ठेवलं. नवरा भिंती ठोकून बघत होता. ती बघत होती मला.

"काका, जिना उतरताना कुठला पाय आधी टाकता?"

"जो पुढे असेल तो," मी म्हणालो.

"आणि कठडा कुठल्या हाताने धरता?"

"तुम्हाला घर घ्यायचंय का मला?"

ती हसली. मोकळ्या गळ्याची बाई आहे, तिचा शब्द न् शब्द कळतो. टेलरमास्तरांच्या मशीनचा आवाज भिंतीतून येतो, त्याची सवय करावी लागेल, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणाली, "येऊ द्या की. घरात कुणी नसलं तरी कुणीतरी असल्यासारखं वाटेल." तो आवाज मला हल्ली येत नाही. मास्तरांनी काम कमी केलं असावं.

दुसरा एक गृहस्थ. त्याचं नाव मी कापूस ठेवलं आहे, इतकं मऊ बोलतो. बूट बाहेर काढून आत आला, पुस्तकांची कपाटं बघून त्याने हात जोडले. कुणा कुटुंबासाठी घर बघतोय म्हणाला. नक्की कोण, कुठलं, हे तो बराच वेळ सांगत होता. त्याला माझी अडचण न सांगता कळली. पाटी नको, बोभाटा नको, हे त्यानेच आधी म्हटलं. सभ्य माणूस. बोलता बोलता काही विचारायचा आणि थांबायचा. मी "चालेल" म्हणालो. दोन-तीनदा म्हणालो असेन. आकडा त्याने कागदावर लिहून दाखवला. नर्सबाईंच्या ऐपतीपेक्षा पुष्कळ वरचा आहे.

वरची खोली दोघांनाही आवडली. ती तू एकदाही येऊन बघितली नाहीस. लेकीकडे महिनाभर म्हणून निघालीस तेव्हा दारात तूच म्हणाली होतीस की या घरात मला बोलायला जागा नाही. मी पुढच्याच वर्षी वर अख्खी खोली काढली. खिडक्या दोन्हीकडून. आणि तू म्हणतेस, मी ऐकत नाही.

सही केव्हा?

तुझा,
तोच


११ मार्च

मालकीणबाई,

पुन्हा कार्ड, पुन्हा तोच प्रश्न, आता एकाच ओळीत. "कुठे राहणार ते लिहिलं नाहीत."

लिहिलं होतं. नीट वाच.

इकडे ओळीत काहीतरी बिनसलं आहे. पलीकडच्या वहिनी अंगणात दिसल्या, मी हाक मारली, त्यांनी दार लावून घेतलं. इतकी वर्षं त्या "काय भाऊ, आज कुणाची खरडपट्टी?" असं विचारल्याशिवाय पुढे जात नसत. कोपऱ्यावरचा दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवतो. टेलरमास्तर संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसायचे, वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून माझ्याशी भांडायचे. आठवडा झाला, आले नाहीत.

मला वाटतं उन्हाचा त्रास असेल. माणसं चिडचिडी होतात.

कापूस पुन्हा येऊन गेला. इसाराचा कागद तयार करून आणतो म्हणाला, म्हणजे तसंच म्हणाला असावा, कारण हाताने सही केल्यासारखं करून दाखवलं. मी मान हलवली. घाई त्याची नाही, माझी आहे. सगळं एकदाचं उरकलं म्हणजे बरं. मालकीणबाई, थकवा काय असतो हे मी भाषणांत पुष्कळदा सांगितलं आहे. बारा-बारा तास पंपाशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचा थकवा असा आणि तसा. ते सगळं खरं होतं, पण तो थकवा झोपल्यावर जायचा.

परवा जिन्यात जरा बसलो होतो. मास्तरांनी उठवलं. तेव्हाही काही बोलले नाहीत. गुडघ्याला पट्टी बांधून दिली आणि गेले. लेकीला हे कळवायचं काही कारण नाही.

लेकीने पाठवलेलं कानातलं यंत्र खणात आहे. तिला सांग, पोचलं. मला त्याची गरज नाही. समोरचा माणूस नीट बोलला तर सगळं ऐकू येतं.

तुझा


२० मार्च

काल कापूस कागद घेऊन आला. 

ऐकायला मला वेळ लागत असेल, वाचायला लागत नाही. पहिल्या पानावर खरेदीदाराच्या जागी कंपनीचं नाव होतं. समोरच्या गोदामावर आहे तेच. दुसऱ्या पानावर घर पाडायला कधी घेणार ते लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, हे काय आहे? कुटुंब कुठे गेलं?

त्याने ओठ हलवले.

"मोठ्याने बोला," मी म्हणालो. हे दोन शब्द मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवे होते.

"मी तर पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं होतं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज चांगला खणखणीत निघाला. "कंपनीचं नाव सांगितलं, पाडायचं सांगितलं. तुम्हीच चालेल म्हणालात. एकदा नाही, प्रत्येक वेळी. मला वाटलं, भाषणं भाषणांच्या जागी, माणूस व्यवहारी आहे."

त्यावर मी जे बोललो ते लिहीत नाही. आवाज गेला असेल गोदामापर्यंत. तो बूट हातात घेऊन पळाला, कागद तसाच टाकून. मी खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने बघतो तर दारात टेलरमास्तर, गळ्यात टेप, मागे वहिनी.

"विकलं नाही ना?" मास्तरांनी विचारलं. मला ऐकू यावं म्हणून जवळ येऊन विचारलं. ही सवय त्यांना कधी लागली हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काय विकलं नाही?"

"घर."

"घर विकतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच की."

"मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही."

"भाऊ," मास्तर म्हणाले, "तुम्ही कुजबुजलात की माझ्या खणातल्या कात्र्या हलतात. त्या नर्सबाईंना तुम्ही फोनवर काय म्हणालात? 'या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.' दुकानदाराने गिऱ्हाइकाला तोलून देताना ऐकलं ते."

तुला सांगतो, त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? वहिनी खुर्ची ओढून बसल्या.

"लपवणाऱ्याला लपवू द्यावं. म्हटलं, माणूस थकलाय, जातोय तर जाऊ दे. पण घरात माणूस चांगलं यावं म्हणून मास्तरांनी नर्सबाईंना पाठवलं. मला इंजेक्शन द्यायला येते ती. आम्ही रोज वाट बघत होतो, कधी ठरतंय. तुमच्या भाचीच्या सासरचे म्हणून तिला मी दोनदा चहा दिला. भाची नाही तुम्हाला, तरी दिला."

"मग दार का लावून घेतलंत?"

उत्तर मास्तरांनी दिलं. "तो मऊ माणूस आला तेव्हा भिंतीतून फक्त तुमचं ऐकू यायचं. चालेल. चालेल. हो, चालेल. कंपनीचा माणूस आहे हे दुकानदाराने ओळखलं होतं. आम्ही काय समजायचं? ज्याने माझ्या स्टुलावर उभं राहून आमचे हात वर करवले, तोच चालेल म्हणतोय. त्याचं बोलणं काही आम्हाला ऐकू येईना."

"मलाही ऐकू येत नव्हतं," मी म्हणालो.

 मग वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या, आणि मास्तर म्हणत होते, "अहो, पण मग विचारायचं ना माणसाने." सगळ्या ओळीला ठाऊक आहे की मी विचारत नाही. मी सांगतो.

सहीचं सध्या राहू दे.


२ एप्रिल

अगं,

नर्सबाईंना घर देतो आहे. पैसे कमी मिळतील. तुझ्या निम्म्यात त्यामुळे तूट येईल, ती चालणार नसेल तर सांग, अजून शब्द दिलेला नाही. या वेळी खरंच विचारतो आहे.

रविवारी सगळ्या ओळीला बैठकीच्या खोलीत बोलावलं. मास्तरांनी आपणहून स्टूल आणून ठेवलं. मी त्यावर चढलो नाही, गुडघा बरा असता तरी चढलो नसतो. खणातलं यंत्र त्या दिवशी पहिल्यांदा कानात घातलं. आधी कपबशांचा आवाज आला, मग भिंतीपलीकडचं मशीन. मास्तरांचा पुतण्या चालवत होता, काम काही कमी झालेलं नाही. मग मी बोलायला तोंड उघडलं आणि दचकलो. खोलीत कुणीतरी ओरडतंय असं वाटलं. वाक्य अर्धवट टाकून गप्प बसलो. म्हटलं, या आवाजात मी रोज मीठ मागत होतो?

भाषण झालंच नाही. जे सांगायचं ते बसून सांगितलं. मी थकलो आहे, घर विकणार आहे, राहणाऱ्यालाच विकणार आहे, आणि हे चोरून करायला नको होतं, कारण समोरची ओळही अशीच कुजबुजत गेली. पहिली पाटी सगळ्यांना दिसली, पण त्यानंतरचं एकेक घर कुणाला न कळता विकलं गेलं. आपण पाटीवर बंदी घातली, कुजबुजीवर घातली नाही. कंपनीला पाटी नकोच असते. यापुढे ज्याला विकायचं त्याने आधी ओळीला सांगावं, मग पाटी लावायची तर खुशाल लावावी. हात वर करा म्हणालो नाही. वहिनी म्हणाल्या, "बोला ना अजून, चुकल्यासारखं होतंय."

नर्सबाई येऊन पुन्हा मापं घेऊन गेल्या. त्यांना ओलीची भिंत कुठली, नळ कधी कुरकुरतो, सगळं ओळीने आधीच सांगून ठेवलं आहे. मला फक्त किल्ली द्यायची आहे.

आता तुझा प्रश्न. दोनदा विचारलास, परवाच्या कार्डात तिसऱ्यांदा. मी त्यावर छपराबद्दल आणि ग्रंथांबद्दल लिहिलं. खरं उत्तर असं की मी कुठे राहणार हे मी ठरवलेलंच नाही. ठरवता येईना. खाट कुठे टाकायची याचा विचार करायला लागलो की दर वेळी त्या खोलीत तू असतेस, आणि तुला विचारलेलं नाही हे आठवतं.

मागण्या मी आयुष्यभर केल्या. पगाराच्या, सुट्टीच्या, हातमोज्यांच्या. त्या टेबलावर आपटायच्या असतात, समोरचा नाही म्हणाला तर दार अडवून बसायचं असतं. दुसरी एक मागणी असते ती घालायची असते, आणि ती घातल्यावर गप्प बसून वाट बघायची असते. ती मी कधी घातली नाही. तुझ्या मामांनी ठरवलं, माझ्या मोठ्या भावाने हो म्हटलं, मी त्या दिवशी कुठल्यातरी सभेला गेलो होतो.

तर आता घालतो. तू जिथे राहतेस तिथे, किंवा तू म्हणशील त्या दुसऱ्या ठिकाणी, मी येऊन तुझ्यासोबत राहू का? नाही म्हणालीस तरी सही तेवढी पाठव, नर्सबाईंचा खोळंबा नको. सही आणि उत्तर यांचा एकमेकांशी संबंध नाही.

यंत्र कानात घालूनच लिहितो आहे. पेनचाही आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

तुझा


१३ एप्रिल

अहो,

सह्यांचे कागद सोबत आहेत. जिथे वकिलांनी खूण केली तिथे सगळीकडे केल्या आहेत. कमी पैसे चालतील. नर्सबाईंना सांगा, मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढायची, नाहीतर बोट चेमटतं. हे तुम्हाला माहीत नसेल.

मास्तर पुन्हा पायरीवर येऊन बसतात का? ते एकटेच आहेत. जायच्या आधी त्यांना पुष्कळ वेळ द्या.

जिन्यातलं मला वहिनींनी त्याच दिवशी कळवलं होतं. माझ्यापासून लपवायला तुमचा आवाज बारीक असावा लागतो.

मागणी पोचली. अशा वेळी मुलीकडच्यांनी विचार करायला वेळ मागायचा असतो. मी अकरा दिवस घेतले. लेकीला विचारलं नाही, मामा तर आता नाहीतच.

लेकीच्या घरात आपण दोघं मावणार नाही. पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली आहे, मोरी आणि ओटा आत. दिवाळं निघाल्यासारखी रिकामी आहे, पण ऊन येतं. गेल्या वर्षी मी ती माझ्या एकटीसाठी बघून ठेवली होती. तेव्हा घेतली नाही. दोघांना पुरेल असं आज सांगत नाही, कारण मला माहीत नाही.

बघायला या. पुस्तकं आणू नका, यंत्र आणा. त्या खोलीत बोलायला जागा होते का, ते आधी बघू.

तुमची,
निम्मी मालकीण